केसपेपरवरची वेळ

रुग्णालयात झालेल्या चुकीची तक्रार करायची तर हाती कागद लागतो, आणि तो कागद ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच कपाटात असतो. नातेवाइकांना तक्रारअर्ज लिहून देण्याचे आणि त्यांच्यासोबत कार्यालयांच्या पायऱ्या चढण्याचे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले, त्यांच्या अनुभवाची सुरुवात इथून होते. कायदा, कलमे, आयोग हे सगळे नंतर. आधी इनडोअर पेपर मिळवायचे.

इनडोअर पेपर म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाची पूर्ण फाइल. डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी, सिस्टरांच्या नोंदी, ताप-नाडी-बीपीचा तक्ता, कोणते औषध किती वाजता दिले त्याचा कागद, संमतीपत्रे, भूल दिल्याची नोंद. घरच्यांच्या हाती पडते ते एक-दोन पानांचे डिस्चार्ज कार्ड, आणि बहुतेकांना तीच फाइल वाटते. डॉक्टरांच्या वर्तणुकीविषयीचे २००२ चे केंद्रीय नियम सांगतात की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत ही कागदपत्रे दिली पाहिजेत, आणि ती ३ वर्षे जपून ठेवली पाहिजेत. काउंटरवर ऐकू येते ते वेगळे. ‘साहेब बाहेरगावी गेलेत.’ ‘रेकॉर्डरूमची चावी मामांकडे आहे.’ ‘फाइल इन्शुरन्सला गेली.’ आणि मग सगळ्यात परिणामकारक प्रश्न, ‘कशाला हवेत पेपर, केस करायचीय का?’ या प्रश्नावर पुष्कळ जण मागे फिरतात. केस करायची हे अजून त्यांच्या मनातही आलेले नसते.

म्हणून अर्ज लेखी द्यायचा, दोन प्रतींत द्यायचा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का, तारीख व वेळ पडल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, हे या कामात पहिल्या आठवड्यातच शिकवले जाते. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच पुढे धरले जाते. हे शिकायला काही घरांना फार महाग पडले आहे.

कागदाचे मोल काय असते ते तालुक्याच्या एका गावातल्या बाळंतपणाच्या प्रकरणात नीट दिसले. संध्याकाळी बाळ झाले, बाळ चांगले होते. रात्री बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जाऊ लागले. सोबत असलेल्या सासूने सिस्टरला तीनदा उठवले. ‘पहिलटकरणीला जातंच, आजी,’ असे उत्तर मिळाले. सासू स्वतः पाच बाळंतपणे झालेली, गावातली आणखी कितीतरी पाहिलेली. किती कपडे भिजले हे तिने मोजून ठेवले होते. पुढे डॉक्टर आले, धावपळ झाली, जिल्ह्याला न्यायचे ठरले आणि अँब्युलन्समध्येच ती मुलगी गेली.

फाइल सोळाव्या दिवशी मिळाली. तिच्यात सगळे वेळच्या वेळी होते. रात्री १.३० ला डॉक्टरांनी पाहिले. १.४० ला गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन दिले. १.५० ला नातेवाइकांना रक्ताची सोय करण्यास सांगितले. सासू म्हणत होती, ‘डॉक्टर एवढ्या लवकर आलेच नाहीत.’ पण तिच्याकडे घड्याळ नव्हते आणि फाइलमध्ये वेळ लिहिलेली होती. तोंडी शब्द आणि लेखी आकडा समोरासमोर आले की आकडाच खरा ठरतो.

मग दिराच्या पँटच्या खिशातून औषधाच्या दुकानाचे बिल निघाले. ते इंजेक्शन दवाखान्यात नव्हते. चिठ्ठी देऊन त्यालाच पळवले होते, आणि त्याने मेडिकलवाल्याला झोपेतून उठवून ते आणले होते. बिलावर दुकानाच्या मशीनने वेळ छापली होती, २.४७. जे औषध २.४७ ला विकत घेतले ते १.४० ला दिले गेले, असे केसपेपर सांगत होता. बिलाचा कागद थर्मल होता, त्यावरची छपाई कालांतराने फिकी पडते. त्याच दिवशी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या गेल्या.

त्या प्रकरणानंतर प्रत्येक घराला पहिला प्रश्न हाच विचारला जाऊ लागला, की मेडिकलची बिले कुठे आहेत. दुसरा प्रश्न मोबाइलमधल्या कॉलच्या नोंदींचा, कारण नातेवाईक संकटाच्या प्रत्येक टप्प्यावर घरी फोन करतात आणि त्या फोनांवर वेळ असते. तिसरा प्रश्न गावच्या घड्याळांचा. पहिली एसटी लागली होती का, भोंगा झाला होता का, काकडआरती सुरू होती का. माणसे मिनिटे सांगू शकत नाहीत, पण आजूबाजूला काय चालले होते ते अचूक सांगतात. त्यावरून रात्रीचा क्रम पुन्हा मांडता येतो.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वेळेतला प्रत्येक फरक म्हणजे खोटेपणा नव्हे. रुग्ण कोसळत असताना आधी हात चालतात, पेन मागून. वॉर्डातले घड्याळ आणि दुकानातली मशीन यांत पाच-दहा मिनिटांचा फरक सहज असतो. नोंद मागाहून लिहिली असेल तर ‘मागाहून लिहिली’ असे लिहिण्यात काहीही गैर नाही, उलट तीच नोंद विश्वासाची. संशय येतो तो एका हाताने, एका शाईने, एका बैठकीत लिहिलेल्या आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने ओळीत उभ्या असलेल्या वेळांचा. आणि इथे फरक दहा मिनिटांचा नव्हता, एक तास सात मिनिटांचा होता.

कागद हाती येऊनही बरीच प्रकरणे पुढे जात नाहीत, आणि त्याला घाबरटपणा म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. गावात सर्जन एकच असतो. एका शेतकऱ्याच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली, दोन महिने पू वाहत राहिला, दुसऱ्यांदा फाडावे लागले. अर्ज लिहून तयार होता, सही तेवढी बाकी होती. तो गृहस्थ सही न करताच उठला आणि म्हणाला, ‘सुनेला सातवा लागलाय. उद्या रात्री-अपरात्री त्यांच्याच दारात जायचंय.’ हे गणित चुकीचे नव्हते. पुढचे रुग्णालय पंचावन्न किलोमीटरवर होते. तक्रार करण्याचा हक्क आणि उपचार मिळण्याची गरज या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असतील, तर गरज जिंकते.

दुसरे टोक रागाचे. मृत्यूची बातमी कळते, पंधरा-वीस जण जमतात, काच फुटते, एखाद्या निवासी डॉक्टरला मारहाण होते. वैद्यकीय सेवेतील माणसांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला, आणि तो हवाच. मार खातो तो बहुधा छत्तीस तास न झोपलेला विद्यार्थी असतो. त्याने ना औषधांची खरेदी केलेली असते, ना रजा-पाळ्या ठरवलेल्या असतात. तक्रारीच्या बाजूनेही हे घातकच. काच फुटली त्या क्षणापासून घरचे फिर्यादी राहत नाहीत, आरोपी होतात. मूळ चुकीची चौकशी तिथेच थांबते आणि पुढची दोन वर्षे जामीन व तारखांत जातात.

शवविच्छेदनाचा प्रश्न सर्वांत कठीण. मृत्यूचे कारण सांगणारा तोच एक भक्कम पुरावा, आणि तो मागण्याची वेळ अशी, की घरच्यांना माणूस लवकरात लवकर घरी न्यायचा असतो. ‘गेला जीव, आता कशाला चिरफाड?’ असे एखादा वडीलधारा म्हणतो आणि कोणी बोलू शकत नाही. त्या बाळंतिणीच्या बाबतीतही हेच झाले. पुढे वकिलाने जो पहिला प्रश्न केला तो शवविच्छेदनाच्या अहवालाचाच होता.

तक्रार घ्यायला दारे अनेक आहेत, पण प्रत्येक दाराआड वेगळाच प्रश्न ऐकून घेतला जातो. हे समजायला तक्रार लिहून देणाऱ्यांनाही काही वर्षे लागतात. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरफलक लावणे बंधनकारक झाले, आणि तक्रार निवारणाची यंत्रणाही ठेवावी लागते. शहरात महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे, जिल्ह्यात सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचे. तिथे पाहिले जाते ते नोंदणी आहे का, फलक आहे का, पावती दिली का. मुंबईतल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे प्रश्न असतो डॉक्टरने व्यवसायाची आचारसंहिता मोडली का, हा. कौन्सिल ताकीद देऊ शकते, नाव काही काळ किंवा कायमचे नोंदवहीतून काढू शकते. भरपाई देऊ शकत नाही. नियमात सहा महिन्यांत निर्णयाची अपेक्षा आहे, पण प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहतात. गडचिरोलीच्या माणसाने एका सुनावणीसाठी मुंबईला जायचे म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी परिषदा वेगळ्या, त्यामुळे चुकीच्या दारात दिलेला अर्ज चार महिन्यांनी ‘आमच्या कक्षेत नाही’ म्हणून परत येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कौन्सिलच्या निर्णयावर अपील करण्याची वाट डॉक्टरला स्पष्ट दिली आहे, रुग्णाला तशी दिलेली नाही. या एका कलमाने जेवढी माणसे हताश झालेली पाहायला मिळतात, तेवढी लांबलेल्या तारखांनीही होत नाहीत.

पैशाची भरपाई मागायची ती ग्राहक आयोगाकडे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला. जिथे सगळ्यांनाच पूर्ण मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय मात्र त्यातून वगळले. म्हणजे अशा मोफत रुग्णालयांवरच ज्यांची भिस्त असते त्यांना हे दार बंद. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दुःखात बुडालेल्या घराचे पहिले वर्ष कसे निघून जाते ते कळतही नाही. राहिले पोलीस. डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा हवा आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. तो निकाल डॉक्टरांना भीतीविना काम करता यावे म्हणून आवश्यक होता. पण घरच्यांना ‘सिव्हिलच्या कमिटीचा रिपोर्ट येऊ द्या’ एवढेच ऐकू येते, आणि तो रिपोर्ट येत नाही.

तज्ज्ञाचे मत ही सगळ्या दारांवरची एकच कडी. मोठ्या शहरातले डॉक्टर फाइल चाळतात, मान हलवतात आणि म्हणतात, ‘चूक आहे, सरळ सरळ चूक आहे. पण माझं नाव घेऊ नका.’ त्यांचेही चुकते असे म्हणवत नाही, त्यांना त्याच संघटनेत, त्याच रेफरन्सवर जगायचे असते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. तरी जिल्ह्याच्या पातळीवर पहिला प्रश्न तोच येतो. या संदर्भात दोन जुने खटले आठवतात. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात आणले. पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवण्यात आले आणि तो दगावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये लागला, भरपाई ३,००० रुपये. दुसरा खटला कोलकात्यातला. १९९८ मध्ये एका तरुणीचा औषधांच्या अतिरेकी मात्रेमुळे मृत्यू झाला आणि २०१३ मध्ये तिच्या पतीला जवळपास सहा कोटींची भरपाई मंजूर झाली. दोन्हींत पंधरा-पंधरा वर्षे गेली. आणि दोन्हींत लढणारा नातेवाईक स्वतः डॉक्टर होता. पहिल्यात वडील, दुसऱ्यात पती. केसपेपर वाचता येणाऱ्या माणसाला जिथे पंधरा वर्षे लागतात, तिथे मेडिकलचे बिल हातात धरून उभ्या राहिलेल्या दिराने काय करायचे?

तक्रार लिहिण्याची पद्धतच बदलून टाकणारा प्रसंग एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातला. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाच्या दोघी होत्या. एकीचे इन्सुलिन दुसरीला दिले गेले. रात्रपाळीच्या सिस्टरच्या ते दहा मिनिटांत लक्षात आले. तिने लपवले नाही. डॉक्टरांना उठवले, ग्लुकोज लावले, सकाळपर्यंत खाटेपाशी उभी राहून दर अर्ध्या तासाने साखर तपासली, आणि मुलाला स्वतः सांगितले, ‘दादा, माझ्याकडून चूक झाली.’ रुग्ण सुखरूप राहिली. मुलाने तक्रार दिली, लिहून देणाऱ्यांनी ती कडक शब्दांत लिहून दिली. आठ दिवसांत कारवाई झाली. सिस्टर कंत्राटी होती, तिला कामावरून काढले. त्या रात्री त्या वॉर्डात बेचाळीस खाटा होत्या आणि ती एकटी होती. मुलगा परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ‘आम्हाला त्या पोरीची भाकरी काढून घ्यायची नव्हती,’ तो म्हणाला.

त्या वॉर्डात त्यानंतर चूक कबूल केल्याचे कोणाच्या ऐकिवात आले नाही. चुका थांबल्या असे मानायला काहीच आधार नव्हता, खाटा आणि सिस्टर तेवढ्याच होत्या. तक्रारीने एक चूक उघड करणारे तोंड बंद केले होते, आणि या कामातली ती सर्वांत जड आठवण आहे. तेव्हापासून अर्जाचा मसुदा बदलला. ‘दोषींवर कठोर कारवाई व्हावी’ हे नेहमीचे वाक्य शेवटी गेले, कधी कधी वगळले गेले. वर प्रश्न आले. त्या पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या? औषध देताना नाव विचारून, मनगटावरची पट्टी पाहून खात्री करण्याची पद्धत आहे का? एकाच आडनावाचे रुग्ण शेजारी ठेवले जातात का? अशी चूक याआधी नोंदली गेली आहे का? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की उपचार घेताना दहापैकी सुमारे एका रुग्णाला काही ना काही इजा होते. एवढ्या चुका वाईट माणसांच्या हातून होत नाहीत. थकलेल्या, एकट्या, घाईत असलेल्या चांगल्या माणसांच्या हातून होतात.

‘नेमके काय झाले’ हा प्रश्न शासन पूर्णपणे विचारते ते बहुधा एकाच वेळी अनेक जण दगावतात तेव्हा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी आणि औषध प्रशासन या साखळीची कडी न् कडी तपासली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली, तेव्हाही समित्या बसल्या आणि राज्यभर रुग्णालयांच्या आग-तपासणीची चर्चा झाली. तालुक्यातल्या एका बाळंतिणीसाठी आयोग बसत नाही. तिची गोष्ट तिच्या घरच्यांनीच जुळवायची असते.

पैशाची तक्रार त्यामानाने सोपी, कारण ती मोजता येते. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांसाठी कोविडचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. मग बिल आणि आदेश शेजारी ठेवून वजाबाकी करता येत होती. नवरा गमावलेल्या कितीतरी बायका कापडी पिशवीत बिले घेऊन आल्या, आणि काहींना जादा घेतलेली रक्कम परतही मिळाली. सरकारी दवाखान्यांबाबत २००७ पासून लोकाधारित देखरेखीखाली ज्या जनसुनवाया झाल्या, त्यांतही असेच घडले. औषध बाहेरून आणायला लावले, डॉक्टर मुक्कामी नव्हते, अँब्युलन्सला डिझेल नव्हते, हे गावासमोर, अधिकाऱ्यांसमोर उभे राहून सांगितले गेले आणि पुष्कळ ठिकाणी ते सुधारले. एकट्याने टपालात टाकलेल्या अर्जाला जे जमत नाही ते पन्नास जणांसमोर बोललेल्या एका वाक्याला जमते. सुनेच्या बाळंतपणाची धास्तीही तिथे कमी होते, कारण बोलणारा माणूस एकटा नसतो.

२.४७ च्या बिलाच्या प्रकरणात भरपाई मिळाली नाही. शवविच्छेदन नव्हते, तज्ज्ञाने लेखी मत दिले नाही, आणि घरातल्या थोरल्यांनी दोन वर्षांची मुदत संपण्याआधीच विषय सोडायला लावला. घरच्यांचे मागणे तसे एकच होते. दीड ते पावणेतीन या वेळात डॉक्टर कुठे होते आणि इंजेक्शन दवाखान्यात का नव्हते, एवढे कोणीतरी समोर बसून सांगावे. तसे कोणी सांगितले नाही. नोंदणीच्या कार्यालयातून एक अधिकारी येऊन पाहणी करून गेले आणि त्यांनी शेरा मारला, की रक्तस्रावावरची इंजेक्शने प्रसूतिगृहातच, २ ते ८ अंश तापमानात, कायम साठ्याला असावीत.

दोन वर्षांनी त्या घरातल्या धाकट्या मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी आले. दवाखाना तोच होता, जवळ दुसरा नव्हताच. नाव घालायला दीर गेला होता. त्याने सिस्टरला प्रसूतिगृहातला फ्रीज उघडायला लावला, आत वाकून इंजेक्शने मोजली, डब्यावरची मुदतीची तारीख वाचली, आणि मग बहिणीला आत घेऊन आला.